शांबरिक खरोलिका ते इम्प्रेस: सरकत्या चित्रांचा आणि त्यांच्या कुलुपांचा इतिहास

सन १८९२. स्थळ कल्याण. महादेव गोपाळ पटवर्धन नावाचे गृहस्थ अंधार केलेल्या सभागृहात पांढऱ्या पडद्यावर रामायण-महाभारतातील प्रसंग प्रकाशाने उमटवून दाखवू लागले. चित्रे काचेच्या लहान पट्ट्यांवर हाताने रंगवलेली होती. एकच आकृती वेगवेगळ्या पवित्र्यांत अनेक काचांवर काढलेली असे. कंदिलांसमोरून त्या काचा झपाट्याने बदलल्या की पडद्यावरची पात्रे हालचाल करीत आहेत असा भास होई. सोबत निवेदन आणि गाणे. या खेळाला त्यांनी नाव दिले 'शांबरिक खरोलिका'. शंबर हा पुराणांतला मायावी असुर. त्याच्यावरून मायेला, नजरबंदीला 'शांबरी' हा शब्द आला. नाव किती चपखल निवडले होते, हे यावरून ध्यानात यावे.

ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा मुंबईतील पहिला खेळ वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी झाला. म्हणजे सिनेमा या भूमीवर येण्याच्या चार वर्षे आधीच कल्याणचे एक कुटुंब पडद्यावर कथा सांगत होते. पटवर्धनांनी मुलांना हाताशी घेऊन हे खेळ पुढेही अनेक वर्षे चालवले.

आज एखादा तरुण गडकोटांच्या भ्रमंतीची छायाचित्रे संगणकावर एकापुढे एक ओवतो, प्रत्येकाखाली दोन शब्द लिहितो, मागे संगीत लावतो आणि 'स्लाइड शो' म्हणून मित्रांना दाखवतो. तो पटवर्धनांचेच काम करीत असतो. फक्त काचेच्या जागी फाइल आली आहे. या थ्रेडचा विषय या दोन टोकांमधला प्रवास हा आहे. त्यातही एक प्रश्न विशेष महत्त्वाचा. चित्र तुमचे, कथा तुमची. पण ते दाखवणारे यंत्र कोणाचे? ते यंत्र उद्या बंद पडले तर तुमच्या चित्राचे काय होते?

आरंभ मात्र प्रकाशापासून करता येत नाही. चित्रांची मालिका दाखवीत कथा सांगण्याची रीत कंदिलाहून कितीतरी जुनी आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील ठाकर समाजाने 'चित्रकथी' ही परंपरा जपली आहे. कागदावर रंगवलेल्या चित्रांच्या 'पोथ्या' असतात. एक पोथी म्हणजे एक आख्यान. कथेकरी एकेक चित्र श्रोत्यांसमोर धरतो, त्यावरचा प्रसंग गाऊन सांगतो आणि पुढचे चित्र घेतो. चित्रांचा क्रम, प्रत्येक चित्रापाशी थांबण्याचा अवधी, सोबतचे बोलणे आणि संगीत ही स्लाइड शोची सारी अंगे येथे आहेत. या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. पोथी पाहण्यासाठी दिवसाचा उजेड पुरतो, कोणतेही यंत्र लागत नाही. ही साधी गोष्ट पुढच्या साऱ्या हकिगतीत लक्षात ठेवण्याजोगी आहे.

प्रकाशाचा कंदील युरोपात जन्मला. डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स याच्या कागदपत्रांत १६५९ सालची काही रेखाटने आहेत: एक सांगाडा स्वतःचे डोके उचलून हातात घेतो आणि पुन्हा धडावर ठेवतो. ही आकृती काचेवर काढून भिंगातून भिंतीवर टाकण्यासाठी होती. शनीच्या कड्यांचे कोडे उलगडणाऱ्या, लंबकाचे घड्याळ सिद्ध करणाऱ्या या विद्वानाला स्वतःच्या या शोधाची मात्र लाज वाटे. १६६२ साली त्याच्या वडिलांनी फ्रान्सच्या राजदरबारात दाखवण्यासाठी असा एक कंदील मागवला. वडिलांना नाही म्हणवेना. पण हायगेन्स घराण्याचे नाव अशा पोरखेळाशी जोडले जावे हेही पटेना. तेव्हा त्याने भावाला पत्र लिहून सुचवले की कंदील पोहोचला की त्यातले एखादे भिंग गुपचूप काढून टाक, म्हणजे तो चालणारच नाही. आपल्याच यंत्रात बिघाड करण्याची सूचना देणारा हा बहुधा पहिलाच संशोधक असावा.

कंदील अर्थातच थांबला नाही. पुढच्या दोन शतकांत फिरत्या खेळवाल्यांनी तो खेड्यापाड्यांत नेला. एकोणिसाव्या शतकात त्याला चुनखडीचा प्रकाश मिळाला. ऑक्सिजन आणि हायड्रोजनची ज्योत चुन्याच्या कांडीवर सोडली की डोळे दिपवणारा पांढरा उजेड पडतो. मोठी सभागृहे त्यामुळेच आवाक्यात आली, अन् त्याबरोबर आगीची भीतीही आली. याच काळात इंग्लंडमध्ये 'विरघळणारी दृश्ये' लोकप्रिय झाली. दोन कंदील एकाच पडद्यावर रोखायचे, एकाचा उजेड हळूहळू मंद करीत दुसऱ्याचा वाढवायचा. उन्हाळ्यातील गिरणी प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत बर्फात बुडे. आजच्या सॉफ्टवेअरमधील 'ट्रान्झिशन'चे मूळ या दोन कंदिलांत आहे. गंमत अशी की इम्प्रेसमध्ये 'डिझॉल्व्ह' या नावाने जो परिणाम मिळतो त्यात चित्र बारीक चौकोनांत विस्कटते. व्हिक्टोरियन प्रेक्षक ज्याला विरघळणे म्हणत, तो परिणाम हवा असेल तर 'फेड' निवडावा लागतो. नाव एकाकडे गेले, वारसा दुसऱ्याकडे.

एक पायरी अजून उरली होती. तोवर काचेवर चित्र रंगवावे लागे. फिलाडेल्फियात स्थायिक झालेल्या लँगेनहाइम या जर्मन बंधूंनी काचेवर थेट छायाचित्र उतरवण्याची पद्धत बसवली. १८५० साली तिचे पेटंट घेतले आणि १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात आपल्या काचा मांडल्या. 'छायाचित्रांचा स्लाइड शो' ही गोष्ट काटेकोर अर्थाने तेव्हापासूनची.

या पार्श्वभूमीवर पटवर्धनांच्या कामाकडे पुन्हा पाहावे. छायाचित्रांच्या काचा जगात उपलब्ध असताना त्यांनी हाताने रंगवलेल्या चित्रांची वाट धरली, कारण रामरावणाचे छायाचित्र कोणी काढलेले नव्हते! त्यांच्या खेळाचे आणखी एक वैशिष्ट्य आज पटकन जाणवत नाही. काचा त्यांच्या, चित्रे त्यांची, कंदील हाताळणारे त्यांचेच घर. खेळाचा कोणताही भाग दुसऱ्याच्या परवानगीवर अवलंबून नव्हता. त्या काचांपैकी काही टिकून राहिल्या. काच उजेडासमोर धरली की कंदील नसला तरी चित्र दिसतेच.

विसाव्या शतकाने हे बदलले. १९३५ साली कोडॅकने 'कोडाक्रोम' ही रंगीत फिल्म बाजारात आणली; पुढच्या वर्षी ती ३५ मिलिमीटरच्या स्थिर कॅमेऱ्यांसाठीही मिळू लागली. तिचे जनक लिओपोल्ड गोडोव्स्की आणि लिओपोल्ड मॅनिस हे दोघेही व्यवसायाने संगीतकार होते, हा इतिहासातला एक गोड अपघात. १९६१ साली 'कॅरोसेल' प्रक्षेपक आला. गोल तबकात ८० स्लाइड बसत; कळ दाबली की खट् असा आवाज होऊन पुढचे चित्र येई. त्या आवाजावर पाश्चात्त्य देशांतली एक अख्खी पिढी वाढली.

परंतु कोडाक्रोम धुण्याची प्रक्रिया इतकी किचकट होती की ती घरी करता येत नसे. रंग फिल्ममध्ये नव्हते. ते धुतानाच भरले जात. रसायने कंपनीची, प्रयोगशाळा कंपनीच्या मान्यतेची. २००४ साली कॅरोसेलचे उत्पादन थांबले. २००९ मध्ये कोडाक्रोम बंद झाली. जगात तिची धुलाई करणारी शेवटची प्रयोगशाळा अमेरिकेत कॅन्सस राज्यातील पार्सन्स या लहानशा गावी उरली होती. तिने ३० डिसेंबर २०१० पर्यंत आलेलीच फिल्म स्वीकारली. त्यानंतर ज्यांच्या कपाटात टिपलेली पण न धुतलेली कोडाक्रोम राहिली, त्यांच्या हाती तिचे रंग पुन्हा कधीच आले नाहीत. चित्र टिपले गेले होते. ते उघडण्याची किल्ली जगातून नाहीशी झाली.

आता संगणकाकडे वळू. १९८४ साली कॅलिफोर्नियातील फोरथॉट या छोट्या कंपनीत रॉबर्ट गॅस्किन्स यांनी एक कल्पना मांडली: भाषण करणाऱ्याने आपल्या स्लाइड स्वतःच बनवाव्यात. तोवर ते काम चित्रकारांचे आणि छपाईवाल्यांचे असे. कार्यक्रमाचे मूळ नाव 'प्रेझेंटर'. एप्रिल १९८७ मध्ये तो मॅकिंटॉशसाठी 'पॉवरपॉइंट' या नावाने बाहेर पडला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने १ कोटी ४० लाख डॉलरना फोरथॉट विकत घेतली. पहिल्या आवृत्तीत रंग नव्हते आणि पडदाही नव्हता. ती फक्त पारदर्शक पत्र्यांवर छापण्यासाठी पाने तयार करी. पुढच्या आवृत्तीत रंग आले, तेव्हा फाइल मोडेमवरून दुसऱ्या एका कंपनीकडे पाठवायची आणि ती ३५ मिलिमीटरच्या खऱ्याखुऱ्या स्लाइड बनवून परत देणार, अशी सोय होती. संगणकावरून थेट पडद्यावर आणि 'ट्रान्झिशन'सह खेळ दाखवणे १९९२ च्या तिसऱ्या आवृत्तीत साधले. कंदिलाचे चक्र तेथे पूर्ण झाले.

आणि कुलूप आणखी घट्ट झाले. काच उजेडात धरता येते. संगणकातली फाइल कशासमोर धरायची? ती एका विशिष्ट कार्यक्रमालाच समजते, आणि तिची रचना बनवणाऱ्यांनी खाजगी ठेवली की दुसऱ्याला ती वाचण्याचा मार्ग उरत नाही. नव्वदच्या दशकात कार्यालयीन सॉफ्टवेअरच्या बहुतेक फाइली अशाच होत्या.

मराठीच्या वाट्याला याहून एक जास्तीचे कुलूप आले. त्याची चर्चा फारच थोडी होते. त्या काळात संगणकावर देवनागरी लिहिण्यासाठी जे फॉन्ट वापरले जात, त्यांतील बहुतेक फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवीत. संगणकाच्या लेखी तेथे रोमन चिन्हेच असत. फक्त डोळ्यांना मराठी दिसे. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. एका फॉन्टमध्ये ज्या जागी 'म', दुसऱ्यात त्याच जागी अर्धा 'श'. परिणामी त्या काळात मराठीत मथळे लिहून केलेला स्लाइड शो आज उघडला, तर छायाचित्रे नीट दिसतात आणि त्यांखाली रोमन अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक सडा पडलेला असतो. आजोबांचे नाव, गावाचे नाव, साल, सारे त्या सड्यात गाडलेले. छायाचित्राच्या इतिहासात मथळा गेला की चित्र अनाथ होते. कोण उभे आहे, कोठे उभे आहे, हे सांगणारा उरत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासूनच होती. विंडोज २००० मध्ये 'मंगल' फॉन्टसह तिला आधारही मिळाला. पण जुन्या फॉन्टांची सवय छापखान्यांतून आणि कार्यालयांतून त्यानंतरही दीर्घकाळ हटली नाही.

पर्यायाची गोष्ट जर्मनीतील ल्यूनेबर्ग शहरात सुरू होते. १९८५ साली मार्को ब्योरिस या सोळा वर्षांच्या मुलाने 'स्टार डिव्हिजन' ही कंपनी काढली. तिच्या लेखनप्रणालीतून पुढे 'स्टारऑफिस' हा संच उभा राहिला. त्यातल्या स्लाइडच्या कार्यक्रमाचे नाव 'स्टारइम्प्रेस'. १९९९ साली अमेरिकेच्या सन मायक्रोसिस्टिम्सने ही कंपनी विकत घेतली. आपल्या हजारो कर्मचाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टचे परवाने घेण्यापेक्षा अख्खी कंपनीच स्वस्त पडत होती, असे त्या सौद्याबद्दल सांगितले जाते. ते पूर्ण खरे असो वा नसो, पुढचे पाऊल मात्र कोणत्याही हिशेबापेक्षा मोठे ठरले. १३ ऑक्टोबर २००० रोजी सनने या संचाचा स्रोत जगासाठी खुला केला. १ मे २००२ रोजी 'ओपनऑफिस'ची पहिली पूर्ण आवृत्ती आली. ती कोणीही उतरवून घ्यावी, वापरावी, वाटावी, बदलावी.

फुकट मिळणे हा यातला लहान भाग होता. फाइलीची रचना जाहीर होणे, हा मोठा भाग. 'ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट' या नावाने ती २००५ साली ठरली आणि २००६ साली आंतरराष्ट्रीय मानक झाली. फाइल कशी बांधली आहे याचे वर्णन आता कोणालाही वाचता येते. त्यावरून वाचणारा कार्यक्रम कोणालाही लिहिता येतो. मायक्रोसॉफ्टनेही आपले नवे स्वरूप मानक म्हणून पुढे केले, तेव्हा देशोदेशी मोठा वाद झाला. मार्च २००८ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने त्याच्या विरोधात कौल दिला. तरीही पुरेशी मते मिळून ते स्वरूपही मानक झाले. नोव्हेंबर २०१० मध्ये भारत सरकारने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले.

मधल्या काळात सनच संकटात आली. जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने ती ताब्यात घेतली. ओपनऑफिसचे आता काय होणार, या चिंतेने त्यावर काम करणाऱ्या अनेकांनी २८ सप्टेंबर २०१० रोजी 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' ही स्वतंत्र संस्था जाहीर केली आणि त्याच स्रोतावरून 'लिबरऑफिस' उभे केले. कोडाक्रोमशी तुलना येथेच करावी. दोन्ही घटना एकाच वर्षातल्या. एका ठिकाणी कंपनी मागे हटली आणि किल्ली हरवली. दुसऱ्या ठिकाणीही कंपनी गेली, पण स्रोत खुला असल्यामुळे किल्लीची प्रत आधीच हजारोंच्या खिशात होती.

लिबरऑफिस मराठीतही चालते; त्याचे पर्याय, सूचना मराठीत वाचता येतात. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात इम्प्रेस शिकवणारे पाठ मराठी निवेदनासह विनामूल्य आहेत. कल्याणच्या खेळापासून हे अंतर रेल्वेने तासाभराचेच.

आता प्रत्यक्ष कृतीकडे, कारण हा इतिहास हातांनी करून पाहता येण्याजोगा आहे. इम्प्रेस उघडून 'इन्सर्ट' यादीतील 'मीडिया' आणि त्यात 'फोटो अल्बम' निवडावे. छायाचित्रे एकदम निवडून घ्यावीत. यादीत वर-खाली सरकवून क्रम लावता येतो. चित्रकथीच्या पोथीत क्रम चुकला तर आख्यान चुकते, तसेच येथेही. एका स्लाइडवर एक चित्र की अधिक, हे ठरवावे. 'प्रत्येक स्लाइडला मथळा' ही खूण अवश्य करावी आणि मथळा युनिकोडमध्येच लिहावा: कोण, कोठे, केव्हा. नंतर 'स्लाइड ट्रान्झिशन'मध्ये 'फेड' निवडून, किती सेकंदांनी पुढचे चित्र यावे तो आकडा भरून, सर्व स्लाइडांना एकदम लागू करावे. खेळ अखंड फिरत ठेवायचा असेल तर स्लाइड शोच्या सेटिंगमध्ये पुनरावृत्तीची सोय आहे.

त्याच खिडकीत 'लिंक इमेजेस' अशी एक निरुपद्रवी दिसणारी खूण असते. ती केली तर छायाचित्रे फाइलीत भरली जात नाहीत. फक्त ती संगणकावर कोठे आहेत याचा पत्ता नोंदला जातो. फाइल हलकी राहते खरी. पण मूळ फोल्डर हलवला, पेनड्राइव्ह बदलला, की चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी उरतात. जपून ठेवायच्या संग्रहासाठी ती खूण टाळावी. याउलट फाइलीच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'फॉन्ट'खाली फॉन्ट फाइलीतच भरून ठेवण्याची सोय आहे. ती वापरली की दुसऱ्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला तरी मथळे त्याच वळणात दिसतात.

खुल्या स्रोतालाही विस्मरण होते, हे नोंदवणे प्रामाणिकपणाचे ठरेल. जुन्या स्टारऑफिसच्या स्वतःच्या द्विमान फाइली वाचण्याची क्षमता लिबरऑफिसने २०१३ सालच्या चौथ्या आवृत्तीत काढून टाकली. तो जुनाट भाग सांभाळणे जड झाले होते. ज्या कार्यक्रमातून इम्प्रेस जन्मले त्याच्याच फाइली इम्प्रेसला ओळखू येईनात. ही घटना लाजिरवाणीच होती. पण जुना स्रोत जगजाहीर पडून होता. काही वर्षांत त्या फाइली वाचणारी नवी प्रणाली स्वतंत्रपणे लिहिली गेली, ती लिबरऑफिसमध्ये सामावली, आणि नव्वदच्या दशकातील स्लाइड पुन्हा उघडू लागल्या. त्यासाठी कोणाची परवानगी मागावी लागली नाही.

शेवटी एक प्रयोग. इम्प्रेसमध्ये केलेल्या स्लाइड शोची एक प्रत घ्यावी. तिच्या नावाच्या शेवटचे 'ओडीपी' खोडून तेथे 'झिप' लिहावे आणि ती कोणत्याही साध्या साधनाने उलगडावी. आत काही फाइली आणि फोल्डर दिसतील. त्यांपैकी एका फाइलीत स्लाइडांचा क्रम आणि सारे मथळे साध्या मजकुरात लिहिलेले असतात; देवनागरी देवनागरीतच दिसते. 'पिक्चर्स' नावाच्या फोल्डरमध्ये छायाचित्रे एकेक करून ठेवलेली असतात. इम्प्रेस नसलेल्या संगणकावरही ती उघडतात.